अँटी-टीपीओ ६०० वरून १३००: आजार खरंच दुप्पट झाला का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हाला तपासता येईल आणि इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल.

वय ३१. केस गळतात, थकवा येतो म्हणून तपासण्या केल्या. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड कमी पडू लागली की ते वाढतं) ५.८, फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी) ‘६०० पेक्षा जास्त’. एका डॉक्टरांनी थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनची, २५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, एवढ्याशा टीएसएचला गोळी नको, काही महिन्यांनी बघू. तुम्ही गोळी घेतली नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या लॅबमधून पॅकेज केलं, त्यात टीएसएच ६.४ आणि अँटी-टीपीओ ‘१३०० पेक्षा जास्त’. मधल्या काळात तुम्ही गहू बंद केला, सेलेनियम सुरू केलं, केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालूच आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, लिहिलंय की वर्षभरात बाळाचा विचार आहे. तुम्ही विचारताय: अँटीबॉडी दुप्पट झाल्या, त्या कमी कशा करू? आणि धाकट्या बहिणीचीही टेस्ट करून घेऊ का?

माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटची आहे. तुमची थायरॉइड ग्रंथी आज किती काम करते आहे आणि गरोदरपणाचा वाढीव भार तिला पेलेल का, हा इथला खरा प्रश्न. अँटीबॉडीचा आकडा त्या उत्तराचा एक भाग आहे, पण तुम्ही त्याला जेवढं मोठं केलंय तेवढा तो नाही. मी तुम्हाला तपासलेलं नाही. गळा हाताला कसा लागतो, नाडी कशी आहे, घरात कुणाला काय आहे, पाळी नियमित आहे का, हे मला माहीत नाही. त्यामुळे शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसमोर बसूनच व्हायला हवा. त्यामागचा विचार मात्र इथे सविस्तर सांगता येईल.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू, कारण तुमची झोप त्यानंच उडवली आहे.

दोन्ही रिपोर्ट समोर ठेवा आणि आकड्याच्या आधीचं चिन्ह बघा. ‘६००’ लिहिलेलं नाही, ‘६०० पेक्षा जास्त’ लिहिलंय. दुसऱ्यावर ‘१३०० पेक्षा जास्त’. प्रत्येक मशीनला मोजमापाची एक वरची मर्यादा असते. रक्तातलं प्रमाण त्यापलीकडे गेलं की मशीन खरा आकडा देत नाही, स्वतःची मर्यादा छापतं. एका पद्धतीची ही मर्यादा ६०० आहे, दुसऱ्या एका पद्धतीची १३००. म्हणजे पहिल्या दिवशी तुमचा खरा आकडा ७०० होता की २,००० हे कुणालाच माहीत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचाही नाही. या दोन रिपोर्टांवरून अँटीबॉडी वाढल्या, घटल्या की तेवढ्याच राहिल्या, यातलं काहीही म्हणता येत नाही.

आता उजवीकडचा ‘बायोलॉजिकल रेफरन्स’ नावाचा रकाना बघा. पहिल्या लॅबमध्ये बहुधा ‘३४ पर्यंत’ असेल, दुसरीत ‘६० पर्यंत’. काही लॅबमध्ये हीच सीमा ९ असते, काही ठिकाणी ६ पेक्षाही कमी. खाली बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते, कुठे सीएलआयए, कुठे ईसीएलआयए. टेस्टचं नाव एकच असलं तरी प्रत्येक कंपनीचं किट या अँटीबॉडींना आपापल्या रीतीनं पकडतं, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या फायलींमध्ये असे दोन-तीन लॅबचे आकडे एकाखाली एक लिहून, त्यांना बाण जोडून आणलेले असतात. बाण वर गेला की घरात काळजीचं वातावरण. त्या बाणाला काहीच आधार नसतो.

तुमच्या बाबतीत बायोटिनचाही विचार करायला हवा. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांच्या गोळ्यांमध्ये ते बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या शेकडो पट. रक्ताच्या अनेक तपासण्यांच्या किटमध्ये बायोटिनचाच चिकटवण्यासाठी वापर केलेला असतो. रक्तातच ते भरपूर असलं की मोजमाप बिघडतं. कुठल्या दिशेला बिघडेल हे किटच्या रचनेवर अवलंबून. सर्वसाधारणपणे टीएसएच खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, फ्री टी-४ जास्त दिसतो, आणि काही किटमध्ये अँटीबॉडी खोट्याच वाढलेल्या दिसतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी किट सुधारले, पण तुमच्या लॅबमध्ये कोणतं वापरतात हे आपल्याला माहीत नाही. पुढच्या तपासणीआधी बायोटिन किमान तीन दिवस बंद ठेवा आणि गोळीचं नाव लॅबला सांगा. तुमचा खरा टीएसएच ६.४ पेक्षा जास्तही निघू शकतो, म्हणून मी हे आवर्जून लिहिते आहे.

आता या अँटीबॉडी आहेत तरी काय ते बघू. थायरॉइड पेरॉक्सिडेज, म्हणजे टीपीओ, हे ग्रंथीच्या पेशींमधलं एक एन्झाइम. आयोडीन थायरोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनाला जोडायचं काम ते करतं आणि त्यातूनच थायरॉइडची हार्मोन्स तयार होतात. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदानं चार स्त्रियांच्या सुजलेल्या थायरॉइड ग्रंथींचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ग्रंथी लिम्फोसाइट पेशींनी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींनी, खच्चून भरलेल्या दिसल्या. हे असं का होतं याचा उलगडा व्हायला १९५६ साल उजाडलं. त्या वर्षी लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिएक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. शरीर स्वतःच्या अवयवावर चालून जातं, ही कल्पना पक्की व्हायला याच आजारानं मोठा हातभार लावला.

पण नासधूस नेमकी कोण करतं? हाशिमोटोमध्ये, म्हणजे त्या शल्यविशारदाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या आजारात, मुख्य काम टी-लिम्फोसाइट पेशींचं. पेशी फुटतात, आतलं टीपीओ उघडं पडतं आणि त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होत राहतात. त्यांचा नासधुशीत थोडा हात असेलही, पण त्या सूत्रधार नव्हेत. याचा एक सरळ पुरावा आहे: टीपीओ अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि तरी बाळाची थायरॉइड सहसा शाबूत राहते. लाकडाला भुंगा लागला की खाली पीठ पडतं, तशा या अँटीबॉडी. पीठ दिसलं की भुंगा आहे हे कळतं, पण वासा अजून किती भार पेलेल हे पिठाचा ढीग मोजून कळत नाही. ते टीएसएच आणि फ्री टी-४ सांगतात.

म्हणून माझा नियम साधा आहे. अँटी-टीपीओ आयुष्यात एकदा करायची. पॉझिटिव्ह आली, निदान झालं, फाईलला लावली, विषय संपला. दर सहा महिन्यांनी करून त्यातून मला एकही निर्णय बदलायला मिळत नाही. गोळीचा डोस मी त्या आकड्यावरून ठरवत नाही, तो कमी झाला म्हणून गोळी बंद करत नाही आणि वाढला म्हणून वाढवतही नाही. थायरॉक्सिन चालू असताना काही वर्षांत हा आकडा बऱ्याच जणींत हळूहळू उतरतो, पण शून्यावर क्वचितच येतो. उतरला नाही तरी काही बिघडत नाही. नॉर्वेतल्या एका अभ्यासात हा आकडा १००० च्या वर असलेल्या, हार्मोन नॉर्मल असूनही प्रचंड थकवा असलेल्या रुग्णांची ग्रंथी शस्त्रक्रियेनं काढली, आणि त्यांना बरं वाटलं असं दिसलं. कुणीतरी हे तुमच्या वाचनात आणून देईल, म्हणून आधीच सांगते: त्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीचं प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखं नव्हतं, आणि तुमच्या परिस्थितीत तो विचार कुणी करू नये.

मग एकदा तरी ती का करायची? कारण ती पुढचा अंदाज देते. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या व्हिकहॅम परिसरात १९७० च्या दशकात हजारो लोकांची तपासणी करून त्यांचा २० वर्षं पाठपुरावा केला गेला. ज्या स्त्रियांचा टीएसएच वाढलेला होता आणि अँटीबॉडीही पॉझिटिव्ह होत्या, त्यांच्यात दर वर्षी सुमारे ४.३ टक्के जणींना पूर्ण हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन कमी पडण्याचा आजार, झाला. नुसता टीएसएच वाढलेला असेल तर २.६ टक्के, नुसत्या अँटीबॉडी असतील तर २.१ टक्के. तुम्ही पहिल्या गटात मोडता. तुमच्यासारख्या १०० जणी घेतल्या तर वर्षाला चारेक जणींची ग्रंथी थकेल आणि २० वर्षांत निम्म्याहून थोड्या जास्त जणींची. याच गणिताची दुसरी बाजू अशी की पुढच्या वर्षी तुमची ग्रंथी अचानक बंद पडण्याची शक्यता कमी आहे. घाबरून जायचं कारण नाही, पण वर्षातून एकदा टीएसएच बघणं मात्र चुकवायचं नाही.

आणि अँटीबॉडी असणं हे काही जगावेगळं नाही. भारतातल्या आठ शहरांमध्ये, त्यात मुंबई आणि गोवाही होतं, ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अँटी-टीपीओ जवळपास २२ टक्के लोकांत पॉझिटिव्ह होती आणि हायपोथायरॉइडिझम सुमारे ११ टक्के लोकांत. म्हणजे अँटीबॉडी बाळगूनही ज्यांची थायरॉइड व्यवस्थित चाललीय असे कितीतरी जण रोज तुमच्याबरोबर लोकलमध्ये, बसमध्ये, ऑफिसात असतात. टीएसएच नॉर्मल असताना नुसत्या अँटीबॉडीला गोळी लागत नाही.

गोळीबद्दल दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून तुम्ही वैतागला आहात. मला त्यात विसंगती दिसत नाही. टीएसएच १० च्या वर गेला तर बहुतेक जण गोळी सुरू करतील, त्यात वाद कमी. ४.५ ते १० या पट्ट्यात सगळं परिस्थितीवर ठरतं. सत्तरी ओलांडलेल्या आजींचा टीएसएच ६.४ असेल तर मी गोळी देत नाही. त्या वयात तो थोडा वर असणं स्वाभाविक आहे आणि गोळी जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका. पंचेचाळिशीतल्या, काही त्रास नसलेल्या बाईंना मी दोन-तीन महिन्यांनी टेस्ट पुन्हा करायला सांगते, कारण नुकत्याच झालेल्या आजारपणानंतर टीएसएच तात्पुरता वाढतो आणि आपोआप उतरतो. तुमचं वेगळं आहे. टीएसएच चार महिन्यांच्या अंतरानं दोनदा वाढलेला, अँटीबॉडी पॉझिटिव्ह आणि बाळाचा विचार. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर मी थोड्या डोसची गोळी सुरू करते. ‘थांबू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही बाळाचं बोलला होता का, हे तुमच्या मजकुरातून कळत नाही. बोलला नसाल तर त्यांचा सल्ला त्यांच्यासमोर असलेल्या माहितीला धरूनच होता. त्यांच्याकडेच परत जा आणि हे सांगा.

यामागचं कारण असं. गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड तयार झालेली नसते, ते पूर्णपणे आईच्या हार्मोनवर अवलंबून असतं. आईच्या ग्रंथीला त्या काळात नेहमीपेक्षा जवळपास दीडपट काम करावं लागतं. धडधाकट ग्रंथी ते सहज करते, आतून पोखरलेल्या ग्रंथीची मात्र दमछाक होते. म्हणून अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या बाईचा टीएसएच गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी बघतात. इथे अँटीबॉडीचा उपयोग होतो: त्या आहेत की नाहीत, एवढं कळलं की पुरे. किती आहेत यानं फरक पडत नाही.

इथे एक मर्यादा मोकळेपणानं सांगायला हवी. अँटीबॉडी असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. मग टीएसएच नॉर्मल असतानाही त्यांना गोळी दिली तर फायदा होईल का? ब्रिटनमध्ये यावर ९५२ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. बाळ सुखरूप जन्माला येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं, ३७-३८ टक्क्यांच्या आसपास. या स्त्रिया आधी गर्भपात किंवा वंध्यत्वाचा त्रास झालेल्या होत्या, म्हणून तो आकडा मुळातच कमी आहे, त्यानं घाबरू नका. तेव्हा गोळी आपण वाढलेल्या टीएसएचसाठी देतोय, अँटीबॉडीसाठी नाही.

आता गहू आणि सेलेनियम. तुम्ही पोटाला चिमटा काढून, सणासुदीला पुरणपोळी सोडून हे करताय, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते. हाशिमोटो असलेल्या लोकांमध्ये सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन आतड्याला बाधणं, इतरांपेक्षा जास्त आढळतं हे खरं. ज्यांना तो आजार आहे त्यांनी गहू कायमचा सोडायलाच हवा. ज्यांना नाही त्यांनी सोडून थायरॉइड सुधारते असा भरवशाचा पुरावा नाही. पोट सतत बिघडत असेल, हिमोग्लोबिन किंवा लोह वारंवार कमी होत असेल तर सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी, टीटीजी-आयजीए, करून घ्या. पण ती गहू खात असतानाच करायची. आधीच बंद केला असेल तर आजार असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, आणि मग खरं काय ते कळायला पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. तपासणी स्वच्छ आली तर पोळी खुशाल खा. भाकरी आवडते म्हणून खात असाल तर उत्तमच.

सेलेनियमनं अँटी-टीपीओचा आकडा काही जणांत खाली येतो हे अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे गोळी टळली, थकवा गेला, ग्रंथी वाचली असं ठामपणे दिसलेलं नाही. म्हणजे पुन्हा तेच, पीठ झाडून घेतलं. शिवाय सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात आणि नखं ठिसूळ होतात. ज्या त्रासासाठी तुम्ही हे सगळं सुरू केलंत, तोच त्रास. मी असते तर ते बंद केलं असतं. समुद्री शेवाळाच्या, केल्पच्या गोळ्या चुकूनही घेऊ नका. त्यात आयोडीन बेसुमार असू शकतं आणि हाशिमोटोची ग्रंथी त्यानं आणखी मंदावते. उलट, सैंधव ‘नैसर्गिक’ म्हणून स्वयंपाकात रोज वापरत असाल तर ते बाजूला ठेवून साधं आयोडीनयुक्त मीठ आणा. गरोदरपणात आयोडीनची गरज दिवसाला २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते, आणि सैंधवातून ते पुरेसं मिळत नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीसारखे खा.

केसांचं म्हणाल, तर ६.४ टीएसएचनं एवढे केस गळतील असं मला वाटत नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ बघितलंय का? पाळीचा रक्तस्राव जास्त असलेल्या, किंवा पूर्ण शाकाहारी असलेल्या किती तरी मुलींचे केस लोहाच्या कमतरतेनं गळतात आणि दोष थायरॉइडवर जातो. हाशिमोटोबरोबर बी-१२ न शोषलं जाण्याचा आजारही जोडीनं येऊ शकतो, हे आणखी एक कारण.

आतापर्यंतचं थोडक्यात: तुमची अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आहे, ती पुन्हा करू नका, टीएसएच वाढलेला आहे आणि बाळाचा विचार आहे, म्हणून गोळीचा विचार रास्त आहे, गहू-सेलेनियमनं मूळ प्रश्न सुटत नाही.

पण ‘अँटीबॉडीचा आकडा महत्त्वाचा नाही’ हे वाक्य सगळ्या थायरॉइड अँटीबॉडींना लावू नका. एक अँटीबॉडी अशी आहे की तिचा आकडा बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. तिला टीआरएबी म्हणतात, टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी. ग्रेव्ह्ज आजारात ती थेट टीएसएचच्या जागी जाऊन बसते आणि ग्रंथीला अहोरात्र राबवते. इथे अँटीबॉडी हाच आजार. टीएसएच अगदी खाली गेलाय, छातीत धडधड होतेय, वजन उतरतंय, अशी बाई आली की टीआरएबीवरून कळतं की हा ग्रेव्ह्ज आहे की ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं हार्मोन नुसतं बाहेर सांडतंय. पहिल्यात कार्बिमॅझोल, म्हणजे ग्रंथीचं काम कमी करणारं औषध, लागतं, दुसऱ्यात त्याचा काही उपयोग नसतो. वर्ष-दीड वर्ष कार्बिमॅझोल घेऊन झाल्यावर ते थांबवायचं का, हेही टीआरएबी बघून ठरवतात. पॉझिटिव्ह असेल तर आजार उलटण्याची शक्यता बरीच.

आणि ती बाळालाही लागू शकते. एक उदाहरण सांगते. पाच महिन्यांच्या गरोदर बाई, थायरॉक्सिन चालू, टीएसएच उत्तम, फाईलवर ‘हायपोथायरॉइड’ लिहिलेलं. डोस तपासून घ्यायला आल्या होत्या. समोर बसल्या तेव्हा बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसत होता, पापणी जराशी वर ओढल्यासारखी. विचारलं, पूर्वी कधी धडधड, वजन उतरणं असं झालं होतं का? तर म्हणाल्या, लग्नाआधी थायरॉइड ‘जास्त’ होता, आयोडीनचं औषध प्यायला दिलं, तेव्हापासून ही गोळी. म्हणजे मूळ आजार ग्रेव्ह्ज, रेडिओआयोडीननं, म्हणजे किरणोत्सारी आयोडीननं, ग्रंथी निकामी केलेली, पण अँटीबॉडी रक्तात तशाच. टीआरएबी सीमेच्या कित्येक पट निघाली. सोनोग्राफीत बाळाचे ठोके सतत १७० च्या वर. आईची ग्रंथी शिल्लक नव्हती, म्हणून तिला काहीच जाणवत नव्हतं; अँटीबॉडी बाळाच्या ग्रंथीला पिटाळत होत्या. थायरॉक्सिन आईसाठी चालू ठेवून बाळासाठी कार्बिमॅझोल आईलाच दिलं, ते वारेतून जातं. ठोके ताळ्यावर आले, बाळाला जन्मानंतर काही आठवडे औषध लागलं, आईकडून आलेल्या अँटीबॉडी त्याच्या रक्तातून ओसरल्या आणि ते ठणठणीत झालं. ज्या कुणाला पूर्वी ग्रेव्ह्ज होता, ग्रंथी काढलेली असो वा आयोडीननं जाळलेली, तिनं दिवस राहताच हे डॉक्टरांना सांगायचं आणि टीआरएबी करून घ्यायची. जास्त असेल तर १८ ते २२ आणि ३० ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. सीमेच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर बाळावर लक्ष ठेवतात.

तुम्हाला टीआरएबीची गरज नाही. पॅकेजमध्ये अँटी-थायरोग्लोब्युलिन नावाची तिसरी अँटीबॉडीही असेल. तिचा खरा उपयोग थायरॉइडच्या कर्करोगाच्या पाठपुराव्यात, तुमच्यासाठी तिच्यावर पैसे घालू नका.

आता तुम्ही काय करावं असं मला वाटतं ते सांगते. बायोटिन आणि सेलेनियम थांबवा. तीन-चार दिवसांनी एकाच चांगल्या लॅबमधून टीएसएच, फ्री टी-४, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ करा आणि यापुढे लॅब बदलू नका. टीएसएच पुन्हा वर आला तर डॉक्टरांशी बोलून गोळी सुरू करा. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासानं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवा. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. त्याआधी करून उपयोग नाही, औषधाचा परिणाम रक्तात स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. दिवस राहण्याआधी टीएसएच २.५ च्या खाली आलेला मला आवडतो. पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा, बहुतेकदा तेव्हाच डोस वाढवावा लागतो. गोळी चालूच आहे म्हणून कळवायला उशीर करू नका.

बाळंतपणानंतरही लक्ष ठेवा. गरोदरपणाच्या सुरुवातीला अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रियांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या जणींना प्रसूतीनंतरच्या वर्षात थायरॉइडची सूज येते. आधी काही आठवडे धडधड, चिडचिड, घाम. नंतर मरगळ आणि उदासपणा. माहेरी असताना याला सगळे ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणतात, डिंकाचे लाडू वाढवतात आणि मुलगी आतल्या आत कुढत राहते. आईला आणि नवऱ्याला हे आत्ताच सांगून ठेवा. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी टीएसएच बघून घ्या.

बहिणीबद्दल. हा आजार घराण्यात चालतो, तुमची काळजी बरोबर आहे. पण तिची अँटीबॉडी करायची गरज नाही, साधा टीएसएच पुरेसा आहे. तो नॉर्मल असेल आणि तिला काही त्रास नसेल तर काही वर्षांनी पुन्हा बघायचा. ती आई व्हायचं ठरवेल तेव्हा, किंवा पाळी बिघडली, गळ्यावर सूज दिसली तर आधी.